बाटली फेकण्याआधी

सांगलीत केस गळायला लागले की पहिला संशय बोअरच्या पाण्यावर. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतातही. पण कपाळाचे कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याशी टाळू दिसू लागते, तिथं पाण्याचा संबंध नाही. डीएचटी हे संप्रेरक केसांची मुळं वर्षानुवर्षं बारीक करत नेतं. (गोल चकती पडली असेल तर ती चाई. तिचा इलाज वेगळा, थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.)

यावर टाळूला लावायचं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. ५ टक्क्यांचं द्रावण पुरुषांनी दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिली लावायचं. म्हणजे ६० मिलीची बाटली महिनाभर. तीच कुणाला तीन महिने पुरत असेल तर चूक कुठं होते ते उघड आहे. टाळू कोरडी हवी. भांग पाडून थेंब कातडीवर सोडायचे. केस ओले करून उपयोग शून्य. नंतर चार तास डोकं धुवायचं नाही. मे महिन्यात औषध लावून लगेच हेल्मेट चढवलं, तर घामाबरोबर ते कपाळावर ओघळतं आणि नको तिथं लव वाढते. रात्री झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर अर्धं उशी पिते. घरात मांजर असेल तर जास्तच जपा, हे औषध तिला विष आहे. खाज सुटली तर बहुधा द्रावणातलं प्रोपिलीन ग्लायकॉल कारण असतं. ते नसलेला फोम मिळतो.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात केस उलट जास्त गळतात. विश्रांतीतले जुने केस नव्यांना वाट देतात, इतकंच. नेमकी इथंच बाटली कचऱ्यात जाते! फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. महिन्यातून एकदा, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा फोटो काढा. आरशावर भरवसा नको. औषध सोडलं की काही महिन्यांत मूळपदावर.

फिनास्टेराइड ही डीएचटी कमी करणारी गोळी, १ मिलिग्रॅम रोज, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. काहींची कामेच्छा घटते, मन खचतं. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्त तपासणीचा आकडा यानं निम्म्यावर येतो, म्हणून तेव्हाही सांगायचं. गरोदर बाईनं फुटलेली गोळी हाताळू नये.

कांद्याचा रस? वास मात्र हमखास.

केसांच्या रोपणात नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे येतात. बाविशीत पुढची रेघ भरून घेतली आणि औषध घेतलं नाही, तर मागचं टक्कल वाढत राहतं आणि पुढं केसांचं बेट उरतं.