जहाज एकदा बघा, रीफ रोज बघा

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर डायव्हिंग करून आल्यापासून धरमपेठेतल्या आमच्या टपरीवर एकच चालू आहे, "काऊन बे, शार्क दिसला का?" नाही दिसला. मग पुढचा प्रश्न, बुडालेलं जहाज तरी पाहिलं का, आणि हो म्हटलं की सगळे सरकून जवळ येतात. गोष्ट आहेच तशी, म्हणून आधी तीच सांगून टाकतो.

जहाजाचं नाव हिल्मा हूकर. 1951 मध्ये हॉलंडला बांधलेलं मालवाहू जहाज, लांबी साधारण 72 मीटर. 1984 मध्ये भर समुद्रात बंद पडलं म्हणून ओढत बोनेअरला आणलं, कागद मागितले तर धड एक कागद नाही, मग पोलीस आत घुसले आणि एका खोट्या भिंतीमागे सापडला गांजा, थोडाथोडका नाही, 25,000 पौंड म्हणजे 11 टनांच्या वर. मालक काही पुढे आला नाही (कोण येईल बाप्पा). जहाज गळत होतं, धक्क्यालाच बुडालं असतं तर पंचाईत, म्हणून तिथून हलवून दूर नांगरलं आणि 12 सप्टेंबर 1984 ला ते बुडालं. बुडालं ते पण कुठे, तर दोन रीफच्या (रीफ म्हणजे कोरलचे, आपल्या प्रवाळांचे, खडक) मधल्या वाळूच्या पट्ट्यात, किनाऱ्यावरून पोहत जाता येईल अशा जागी! आता डायव्हिंगवर चालणाऱ्या बेटाला इतका सोयीचा योगायोग कसा काय लाभला, ते तुम्हीच ठरवा.

जहाज उजव्या कुशीवर आडवं पडलंय. वरची बाजू 18 मीटरवर, खालची वाळू 30 वर. निळ्या पाण्यातून आधी नुसती एक सावली दिसते आणि मग एकदम कळतं की ही पूर्ण भिंत जहाजाचीच आहे, तेव्हा पोटात कसंतरी होतं हे खरं. पंख्याजवळ गेलो, टॉर्च मारला तर जे सगळं राखाडी वाटत होतं ते लाल-नारिंगी निघालं, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो. पण हे बघेपर्यंत परत फिरायची वेळ झालीच. 30 मीटरवर दाब जमिनीच्या चौपट, त्यामुळे टँकमधली हवा पण चौपट वेगाने संपते, आणि नायट्रोजन अंगात मुरतो तो वेगळाच, म्हणजे तिथे फार तर वीसेक मिनिटं, मग वर या, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. एवढ्यात काय बघून होणार, सेल्फी काढायलाच अर्धा वेळ जातो लोकांचा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, जहाज एकदा बघा आणि बाकी सगळे दिवस 10 मीटरवरच्या रीफवर घाला. तिथे तासभर आरामात निघतो. आणि बोनेअरची खरी मजा अशी की बोट लागतच नाही. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे टँक टाकायचे, रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात त्यावर जागेचं नाव लिहिलेलं, तिथे गाडी लावायची आणि फिन्स (पोहायला पायात घालायचे पंखे) हातात घेऊन चालत पाण्यात. कोणी शिट्टी मारून राहिलं नाही, कोणी घाई करून राहिलं नाही. फक्त गाडीत किमती काही ठेवू नका.

रीफवर पॅरटफिश नावाचा चोचवाला मासा कोरल खात असतो त्याचा आवाज पाण्यात चांगला ऐकू येतो, कोणी कानाशी बसून फुटाणे फोडून राहिलंय असा. चोचीने कडाकडा खरवडतो, कोरलचा चुरा गिळतो आणि थोड्या वेळाने मागून पांढरी वाळू सोडतो, तीच वाळू किनाऱ्यावर जाते ज्यावर लोक टॉवेल टाकून झोपतात. पारदर्शक अंगाची, जांभळे ठिपके असलेली बोटाच्या पेराएवढी कोळंबी असते, ती मिशा हलवून गिऱ्हाईक बोलावते. हात स्थिर धरून थांबलो तर छोटा मासा सोडाच, ग्रूपर नावाचा मोठा मासा येऊन तोंड उघडून उभा राहिला आणि ही बया सरळ त्याच्या जबड्यात शिरून साफसफाईला लागली.

हे सगळं टिकलंय ते नियम कडक असल्यामुळे. बेटाभोवतीचं पाणी 60 मीटर खोलीपर्यंत 1979 पासून संरक्षित आहे, भाल्याने मासेमारी त्याच्या आधी 1971 लाच बंद झाली. हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजे असले की माणूस कोरलला हात लावतोच. बोटींनी नांगर टाकायचा नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या ठरलेल्या बॉयलाच (खुणेच्या गोळ्याला) बांधायचं. तरी 2023 पासून कोरलचा टिश्यू लॉस नावाचा रोग तिथे शिरलाय, आख्ख्या वसाहतीचं मांस गळून पांढरा सांगाडा उरतो, मी बघितला, वाईट वाटलं. म्हणून वापरलेलं सामान निर्जंतुक करून धुवायला सांगतात, कंटाळा न करता धुवा.

ज्यांना जायचंय त्यांनी आधी कोर्स करा, ओपन वॉटर नावाचा पहिला कोर्स झाला की 18 मीटरची परवानगी मिळते, म्हणजे जहाजाचा वरचा भाग दिसतोच, तळापर्यंत जायचं तर पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स लागतो. आणि आधी आपल्या अंदमानला जा, तिथे पाण्यात तरंगत एका जागी स्थिर राहायला जमलं की मग बोनेअरचं तिकीट काढा. व्हिसाचं आणि पैशाचं वेगळं लिहितो, ते रामायण मोठं आहे.