नोव्हिस ते इंटरमीडिएट : ब्रँड्स हॅचवरचे दोन हंगाम

घाटात मोटारसायकल चालवून हात बसलेल्या माणसाला ट्रॅकवर सर्वांत आधी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे मागे पाहण्याची. आंबा घाट उतरताना माझे अर्धे लक्ष आरशात असे, कारण मागचा ट्रक काय करील याचा भरवसा नसे. येथे इंग्लंडमध्ये मी ज्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी चालकांना आपली गाडी चालवू देणाऱ्या दिवसाला जातो, तेथे आरसे काढून किंवा चिकटपट्टीने झाकूनच ट्रॅकवर उतरावे लागते. पुढच्याने आपली रेषा धरून चालवायचे आणि सुरक्षितपणे ओलांडण्याची जबाबदारी मागच्याने घ्यायची, या विश्वासावर सगळा दिवस चालतो. तो विश्वास अंगी मुरायला मला दोन हंगाम लागले.

केंटमधील ब्रँड्स हॅच या शर्यतीच्या ट्रॅकचे इंडी सर्किट अवघे १.२ मैलांचे, म्हणजे दोन किलोमीटरांहूनही कमी आहे. सकाळी परवाना दाखवून नावनोंदणी, सायलेन्सरच्या आवाजाची तपासणी आणि झेंड्यांचे अर्थ समजावणारी सक्तीची बैठक झाली, की नोव्हिस (नवशिके), इंटरमीडिएट (मधल्या पातळीचे) आणि फास्ट (वेगवान) हे तीन गट आळीपाळीने वीस-वीस मिनिटे ट्रॅकवर जातात. ही शर्यत नसल्यामुळे फेरीची वेळ मोजायला मनाई असते. साहजिकच, वरच्या गटात जायला आपण तयार आहोत का, हे घड्याळ सांगत नाही.

माझी गाडी केटीएम आरसी ३९०, पुण्याजवळ चाकणला तयार झालेली. नोव्हिस गटात माझ्यापुढे बहुधा हजार सीसीच्या गाड्या असत. सरळ रस्त्यावर त्या दिसेनाशा होत आणि वळणात पुन्हा माझ्या पुढ्यात येऊन रेंगाळत. या गटात वळणावर आतल्या बाजूने ओलांडण्यास बंदी असल्यामुळे मला वेग मोडून मागे थांबावे लागे, आणि त्यावरून आपण वरच्या गटाच्या लायकीचे झालो, असा माझा समज झाला.

पहिल्या हंगामाच्या अखेरीस मी एका प्रशिक्षकांना माझ्यामागे तीन फेऱ्या यायची विनंती केली. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर परतल्यावर ते वेगाविषयी चकार शब्द बोलले नाहीत. "तुम्ही ड्रुइड्सच्या वळणात दर वेळी डोके किंचित डावीकडे वळवता, आणि गाडीही तिकडे सरकते," एवढेच त्यांनी सांगितले. मी मागच्याचा कानोसा घेत होतो. नोव्हिस गटात हे खपून जाते. इंटरमीडिएटमध्ये मात्र वेगाने येणारा माणूस माझी रेषा गृहीत धरून जवळून जाणार असतो, आणि माझे हातभर सरकणे त्याला महागात पडू शकते.

तरीही मी हट्टाने एक दिवस इंटरमीडिएटमध्ये नाव दिले. दुसऱ्याच सत्रात आतून एक गाडी गेली, मी दचकून ब्रेक दाबला आणि थेट गवतात उतरलो. पडलो नाही, पण दुपारी स्वतःहून नोव्हिस गटात परत गेलो. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पुढचे चार ट्रॅक डे मी एकच काम केले: प्रत्येक वळणात शिरण्याआधी नजर वळणाच्या शेवटाकडे नेऊन ठेवायची आणि मागचा आवाज ऐकूनही मान हलवायची नाही. टायरकडेही लक्ष द्यायला याच काळात शिकलो. या सर्किटवर ग्रॅहम हिल बेंड आणि सर्टीझ ही दोनच वळणे डावीकडची आहेत, त्यामुळे थंड सकाळी टायरची डावी बाजू उशिरा तापते. पहिल्या काही फेऱ्यांत तेथे गाडी बेताने झुकवणे हे मला ओलांडण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

यंदा मेमध्ये त्याच प्रशिक्षकांनी पुन्हा पाहिले आणि गट बदलायला सांगितले. पॅडॉक हिल बेंड हे येथील पहिले वळण. त्यात शिरताना पुढचे काही दिसत नाही आणि मग रस्ता पायाखालून निघून गेल्यासारखा एकदम खाली उतरतो. नव्या गटातील तिसऱ्या सत्रात त्याच उतारावर एक निळी गाडी आतून गेली, इतक्या जवळून की तिच्या एक्झॉस्टची ऊब गुडघ्याला जाणवली. माझी नजर समोरच्या चढावर होती, आणि गाडी रेषेवरून हलली नाही.