नेचर एज्युकेटर व्हायचंय? आधी पावसाळ्याचं बोलू

हल्ली बरेच जण मेसेज करतात की हे नेचर एज्युकेटर वगैरे, म्हणजे मुलांना जंगलात नेऊन निसर्ग शिकवणारं, कसं व्हायचं, कोर्स कुठला, पैसे किती. सांगते, पण आधी माझी एक तक्रार ऐका. शाळा आम्हाला बोलावतात कधी, तर दिवाळीनंतर! डिसेंबर-जानेवारीत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बसच्या बस रिकाम्या होतात, ओढे आटलेले असतात, वाटेवर नुसती धूळ. थंडीत बाहेरून पक्षी येतात हे खरंय, पण वर्गच्या वर्ग बडबडत चालला की पक्षी थांबतायत कशाला. मग सुरू होतं, ताई बिबट्या कधी दिसणार, ताई डबा कधी खायचा.

तेच पावसात या ना. पहिल्या सरी पडल्या की मृगाचे किडे निघतात, लाल मखमली, पोरं तासभर जमिनीवरून नजर उचलत नाहीत. मग कुजक्या लाकडावर बुरशीच्या छत्र्या, ओढ्यात खेकडे, आणि पाऊस ओसरताना वाटेवर आडवी जाळी विणून बसलेले पंजाएवढे कोळी. मला शिकवायला कोळीच आवडतो कारण तो उडून जात नाही, मागच्या रांगेतल्या मुलालासुद्धा शांतपणे बघता येतो. आणि कारवीचं झुडूप! ते ७-८ वर्षांतून एकदा फुलतं, इथे २०१६ ला फुललं होतं, म्हणजे शाळा संपेपर्यंत एखाद-दुसरी संधी, तीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा शाळांच्या युनिट टेस्ट असतात. तुळशी आणि विहार तलाव ह्याच जंगलात आहेत, मुंबईच्या पाण्यातलं थोडं तिथून येतं, हे भर पावसात ओढ्याकाठी उभं राहून सांगितलं की वेगळं समजवावं लागत नाही.

सुप्रीम कोर्टाने १९९१ लाच सांगितलं की पर्यावरण शिकवा. पुस्तक आलं, प्रोजेक्ट आले, मार्क आले. चिखल काही सिलॅबसमध्ये आला नाही.

आता करियर. झूऑलॉजी-बॉटनी असेल तर बरंच, पण कॉमर्सवाले, आयटी सोडून आलेलेही उत्तम काम करतात. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षी, कीटक, वनस्पतींवरचे छोटे कोर्स आहेत, ते करा, आणि कुठल्यातरी कॅम्पवर व्हॉलंटियर म्हणून जा, तिथे कळेल की अर्धा दिवस डोकी मोजण्यात आणि टॉयलेट शोधण्यात जातो. पैसे बहुतेकांना दिवसावर मिळतात. हिवाळा भरलेला, मे महिन्यात कॅम्प, आणि जंगल जेव्हा खरं बोलतं तेव्हा आम्ही घरी बसून प्रपोजल लिहितो, म्हणून सोबत दुसरं काही काम ठेवाच.

यंदा एक शाळा जुलैमध्ये यायला तयार झालीय, आठवीचा वर्ग. पालकांची अट एकच, मुलं भिजता कामा नयेत.