बेरी पुलाव, अखेर!

कामासाठी रत्नागिरीहून मुंबईत आले होते. काम दुपारी आटोपलं आणि थेट बॅलार्ड इस्टेट गाठलं. १९२३ पासूनचं ब्रिटानिया. नव्या गावात गेलं की जुनं हॉटेल शोधायचं, ही बाबांनी लावलेली सवय.

मटण बेरी पुलाव आला. वर खरपूस तळलेला कांदा, काजू आणि लालचुटुक झरिश्क, म्हणजे इराणी बेरी. भाताखाली मऊसूत मटण. मसालेदार घासात मध्येच एक बेरी दाताखाली येते! आमसुलावर वाढलेली जीभ माझी, तरी हा आंबटपणा निराळाच, नाजूक. सावकाश जेवले. एक शीत टाकलं नाही. मग कॅरॅमल कस्टर्ड.

आता कोकणकन्येत बसून लिहितेय. बाबा असते तर आधी त्यांनाच फोन केला असता. पुढच्या खेपेला आईला घेऊन येणार.