चार नवरे आणि एक एसटी प्रवास

आज सांगलीहून साताऱ्याला एसटीने येताना मी मोबाईलवर एक शृंगारिक इंग्रजी कादंबरी वाचत होते. तिच्यातील नायिकेला चार नवरे असून त्यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती लेखिका तिच्यावर करत नाही. या प्रकाराला तिकडे ‘व्हाय चूज’ असेच नाव आहे. प्रणयाची वर्णने एवढी सढळ होती की कराड येईपर्यंत मी पडद्याचा उजेड दोनदा कमी केला.

तरीही मन वारंवार द्रौपदीकडे जात राहिले. आदिपर्वात पांडवांनी एकमेकांच्या एकांताचा नियम ठरवला आणि तो मोडल्याबद्दल, तेही एका ब्राह्मणाच्या गाई सोडवण्यासाठी शस्त्रे आणायला आत गेल्यामुळे, अर्जुनाला १२ वर्षांचा वनवास पत्करावा लागला. या कादंबरीत मात्र चौघांचा मत्सर पानभरातच विरतो, आणि तेच मला तिच्यातील सर्वांत कच्चे काम वाटले. (शय्यादृश्यांना मात्र लेखिकेने पुरेपूर वेळ दिला आहे.)

उंब्रजजवळ शेजारच्या आजींनी मांडीवरची मेथी निवडता निवडता काय वाचतेस म्हणून विचारले. मी धीर करून कथानक सांगितले. त्यांनी एक देठ खुडला आणि शांतपणे विचारले, “आन् चौघांच्या भाकऱ्या कोन थापतंय गं?”