अपील जिंकले, पण दंड परत मिळायला आठ महिने

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचा हळदीचा व्यवसाय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरच्या व्यापाऱ्याकडे निघालेली आमची एक गाडी वाटेतल्या एका जिल्ह्यात जीएसटीच्या भरारी पथकाने अडवली. ई-वे बिलावर, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन परवान्यावर, गाडी क्रमांकात ३ च्या जागी ८ पडला होता. बाकी बिल, वजन, माल सर्व जुळत होते. माल ९ लाख ६० हजारांचा, त्यावर ५ टक्क्यांनी कर ४८ हजार आणि जीएसटी कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे कराच्या दुप्पट, म्हणजे ९६ हजार रुपये दंड. माल उन्हात उभा होता आणि गाडीभाडे रोज चढत होते, म्हणून आम्ही त्याच दिवशी डीआरसी-०३ ने, म्हणजे जीएसटी पोर्टलवर स्वतःहून भरणा करण्याच्या नमुन्याने, दंड भरून गाडी सोडवली. पुढे जे काही भोगले, त्याचे मूळ या एका घाईत आहे.

अपिलाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वाहन क्रमांकात एकदोन अंकांची चूक असेल तर कलम १२९ न लावता केंद्रीय आणि राज्य कायद्याखाली प्रत्येकी ५०० रुपये दंड घ्यावा, असे १४ सप्टेंबर २०१८ चे परिपत्रक क्र. ६४ स्पष्ट सांगते. आमच्या सीएंनी ते पुढे ठेवले आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी दंड रद्द होऊन केवळ १,००० रुपये कायम राहिले. उरलेले ९५ हजार आता आपोआप येतील, असे मी घरी सांगूनही टाकले.

४ मार्चला आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरला. पंधरा दिवसांच्या आत त्रुटीपत्र आले: ‘मागणीसमोर भरणा दिसत नाही.’ मागणी म्हणजे विभागाने आमच्या नावावर लावलेली रक्कम. मी कार्यालयात गेलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलीच्या टोकाने एक रकाना दाखवला. मागणी ९६,०००, भरणा ०. डीआरसी-०३ ची पावती माझ्या हातात होती, पैसे सरकारजमा झाले होते, पण तो भरणा मागणीच्या क्रमांकाशी जोडलाच गेला नव्हता. ‘आदेश पथकाचा आहे, त्यांच्याकडून भरणा झाल्याचे खात्रीपत्र आणा,’ असे ते म्हणाले. पथकाच्या कार्यालयात गेल्यावर उत्तर मिळाले, ‘पोर्टलवर सगळे दिसते, पत्र कशाला?’ एक म्हणतो दिसत नाही, दुसरा म्हणतो दिसते, आणि मधल्या मध्ये मी एसटीने फेऱ्या घालतो आहे! दुसऱ्या अर्जालाही त्याच कारणाने त्रुटीपत्र आले. तिसऱ्या फेरीत मी तोंडी विनंती सोडून दिली आणि पावती, आदेश व बँकेचा उतारा जोडून पथकाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. पोहोच मागितली तेव्हा आवक लिपिकाने आधी साहेबांकडे पाहिले, मग शिक्का मारला. बारा दिवसांत पत्र हाती आले. त्यापूर्वीचे तीन महिने मी नुसता बोलत बसलो होतो, याचा राग मला अजूनही स्वतःवरच येतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. त्रुटीपत्र आले की जुना अर्ज संपतो आणि नवा भरावा लागतो. परतावा देण्याची साठ दिवसांची मुदतही नव्या अर्जापासून मोजली जाते. अपिलाचा आदेश हाती पडल्यापासून परताव्यासाठी दोन वर्षे असतात, त्यामुळे हक्क लगेच बुडत नाही, पण प्रत्येक त्रुटीपत्रागणिक व्याजाचे दिवस मात्र जातात.

१० जूनला तिसरा अर्ज गेला. आता निराळीच कुजबुज सुरू झाली: ‘विभाग पुढे अपील करण्याच्या विचारात आहे, थांबा.’ विचारावर परतावा अडवता येत नाही. कलम ५४(११) प्रमाणे आदेशाविरुद्ध अपील किंवा तत्सम कार्यवाही प्रलंबित असावी लागते, आयुक्तांचे मत व्हावे लागते आणि करदात्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. मी एवढेच लिहून दिले की परतावा रोखायचा असेल तर आरएफडी-०७ या नमुन्यात परतावा रोखल्याचा लेखी आदेश द्यावा. तो आदेश कधीच आला नाही आणि ती कुजबुजही पुन्हा ऐकू आली नाही.

ज्यांचे अपील अजून चालू आहे आणि ज्यांनी माझ्यासारखाच डीआरसी-०३ ने भरणा केला आहे, त्यांनी तो आताच मागणीशी जोडून घ्यावा. जुलै २०२४ मध्ये नियमांत त्यासाठी डीआरसी-०३ए हा नमुना आला आहे. माझी मागणी तोवर अपिलातच रद्द झाल्याने मला तो कामाचा नव्हता, याची चुटपुट आहे.

२१ ऑक्टोबरला ९५,००० रुपये खात्यात जमा झाले, व्याजाशिवाय. अंतिम झालेल्या अपील आदेशातून येणारा परतावा अर्जापासून साठ दिवसांत न दिल्यास कलम ५६ मध्ये ९ टक्के व्याज आहे. तिसऱ्या अर्जापासून धरले तरी ७३ दिवसांचे १,७१० रुपये होतात. दिवाणजी म्हणाले, ‘मालक, सोडा आता, एवढ्यासाठी कशाला?’ मी दुसऱ्याच दिवशी व्याजाचा अर्ज दिला आणि शिक्क्यासह पोहोच घेऊनच घरी आलो.