तुम्ही विचारलंत म्हणून: खाडी दाराशी असताना बांद्र्याला कशाला?

मी ऐरोलीत राहतो, खाडी घरापासून जवळच, तरी अमावास्या-पौर्णिमेला लोकल पकडून बांद्र्याच्या बँडस्टँडला का जातो, हे सोसायटीत विचारतात, ऑफिसात विचारतात, हल्ली सासरीपण विचारतात. गोगलगायी बघायला जातो. आमच्या खाडीत त्या नाहीत असं नाही, भरपूर आहेत, पण चिखलातल्या आणि तिवरांवरच्या. मला आवडते ती नेरिटा अल्बिसिला, आणि तिला दगडच लागतो कारण ती जेवतेच दगडावर. तोंडात बारीक दातांच्या रांगांची एक पट्टी असते, तिने दगडावरचा शेवाळाचा पातळ थर कानशीने घासावा तसा खरवडून खाते. बँडस्टँडचा काळा पाषाण तिला बरोबर मिळतो. लाल समुद्रापासून पार पॅसिफिकच्या बेटांपर्यंत ही पसरलेली आहे आणि जेमतेम २-३ सेंटीमीटरची!

दुसरं विचारतात, त्या मेलेल्याच असतात ना, हलत तर नाहीत. नाही हो! पाणी ओसरलं की ती दगडाखाली, कपारीत सरकते आणि दार लावून घेते. खरंच दार आहे, चुन्याचं, वरून रवाळ, आतमध्ये थोडं पाणी धरून ठेवतं म्हणून ती सुकत नाही. मागच्या पौर्णिमेला संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च लावून एकीसमोर उकिडवा बसलो होतो, दगड ओला होता, बराच वेळ काहीच नाही आणि मग ते दार हळूच उचललं गेलं, दोन काळपट शिंगं बाहेर आली आणि बाई चालायला लागल्या. मी श्वास रोखून बघत होतो.

शाळेत असताना अशीच एक खरवडून घरी आणली होती मी, बरणीत नळाचं पाणी घालून ठेवली. दोन दिवसांत गेली. खाऱ्या पाण्याचा जीव तो, अजून वाईट वाटतं.

दगडावर तिळासारखे पांढरे ठिपके दिसले तर नखाने काढू नका, ती तिची अंडी, एकेका ठिपक्यात कितीतरी. पिल्लं आधी समुद्रात तरंगतात, मग कुठल्यातरी खडकाला लागतात. आणि दगड उलटा केलात तर होता तसाच परत ठेवा, खालच्यांना ऊन सोसत नाही.

येत्या अमावास्येला मी जाणार आहे, संध्याकाळी सहाच्या आगेमागे ओहोटी असते. यायचं असेल तर टॉर्च आणा, चप्पल नको, खडक फार निसरडे आहेत.